परसात मुलांसाठी 'अड्डा' बांधतोय: वासे आहेत, अक्कल हवी आहे

कौलारू
१० जानेवारी, रात्री ९:५२

मंडळी, नमस्कार. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गुहागर तालुक्यात घर. मागे परस, त्यात तीन माड, एक रायवळ आंबा, एक कापा फणस आणि कोपऱ्यात विहीर. गेल्या मे महिन्यात जुनी पडवी उतरवली तेव्हा सागाचे नऊ वासे आणि बऱ्याच रिपा निघाल्या. आजोबांच्या वेळचं लाकूड, वाजवलं तर अजून खणखणीत. तेव्हापासून गोठ्यात रचून ठेवलंय आणि बायको दर आठवड्याला विचारते, "याचं काही करणार आहेस की बंबात घालू?"

मुलं दोन. लेक नऊची, धाकटा सहाचा. शेजारी चुलतभावाची दोन. अशी चौघांची टोळी. त्यांना "अड्डा" हवाय. माझ्या डोक्यातलं चित्र असं: आंब्याला आठ फुटांवर मोठं बेचकं आहे, तिथे सहा बाय आठचा माळा, वर कौलं, बाजूला शिडी.

आता प्रश्न. झाडाला बोल्ट मारले तर झाड मरतं का? त्यापेक्षा तारेने आवळून बांधू का? वाळवी लागू नये म्हणून वाशांना जळकं ऑइल चालेल का? कौलं की पत्रा? सुतार मिळतोय, पण पावसाआधी मोजून दहा दिवस देईन म्हणाला. बजेट वीस हजार, ओढूनताणून पंचवीस.

ओळंबा
१० जानेवारी, रात्री १०:३१

तीस वर्षं साइटवर काढली आहेत म्हणून बोलतो, राग मानू नका.

बोल्टने झाड सहसा मरत नाही, तारेने नक्की मरतं. झाडाचा रस सालीच्या लगेच आतून वाहतो. तार आवळली की खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतत जाते. दहा वर्षांनी वरचा भाग वाळायला लागला की लोक म्हणतात, दृष्ट लागली. एक जाड बोल्ट सरळ आरपार गेला तर झाड त्याच्याभोवती भरून येतं. बारीक खिळे शंभर मारण्यापेक्षा तो परवडला.

पण मुळात आंब्यावर बांधूच नका. वाऱ्यात फांद्या वेगवेगळ्या हलतात, तुमचा माळा मात्र ताठ. जूनमधल्या पहिल्या वादळात सांधे खिळखिळे होतील. शिवाय रायवळ आंब्याची फांदी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून पोकळ निघते. झाडाच्या शेजारी चार खांबांवर स्वतंत्र उभं करा. सावली मिळेल, झाड सुटेल.

आणि आठ फूट कशाला? सहा वर्षांच्या पोराला साडेतीन फूट म्हणजे त्याच्या डोक्याएवढं होतं. पुरे.

वऱ्हाडी_ठेचा
१० जानेवारी, रात्री ११:०४

भाऊ, आमच्या इकडं वावरात मचान बांधतेत, रानडुकरं हाकलाले. चार बल्ल्या, वर आडव्या, बस. पण कैच्या मारल्या का नाही ते पाहा. खांबाले तिरप्या पट्ट्या नसल्या तं पूर्ण मचान डोलते, आन् एक दिवस बाप्पू सकट खाली येते. पोट्टे तं उड्याच मारतीन. दोन बाजूले तरी कैची पाहिजेच पाहिजे.

माहेर_देवगड
११ जानेवारी, सकाळी ७:१५

आंब्यावर ओंबील नाहीत का तुमच्या? आमच्याकडे लहानपणी आंब्यावर चढलं की लाल मुंग्या अशा डसायच्या की कैरी टाकून पळ काढायचो. ओळंबांना अनुमोदन, खांबांवरच करा.

विहिरीला कठडा आहे ना? वर जाळी? तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून विचारते.

कौलारू
११ जानेवारी, सकाळी ८:४०

ओंबील आहेत! विसरलोच होतो. आंबा रद्द.

विहिरीला अडीच फुटी चिऱ्याचा कठडा आहे, जाळी नाही. माहेरताई, तुमची टिप्पणी बायकोने वाचली. आता अड्ड्याआधी विहिरीची जाळी होणार, असं ठरवण्यात आलं आहे. (ठरवलं कोणी ते सांगायला नको.)

मग जागा दुसरी निवडली. मागच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, दोन माडांच्या मध्ये सपाट जागा आहे, फोटो डकवतो. ऊन कमी, वारा छान, घरापासून जरा लांब.

माहेर_देवगड
११ जानेवारी, सकाळी ९:०२

फोटो नीट बघा हो. खाली नका बघू, वर बघा.

नवव्या_मजल्यावरून
११ जानेवारी, सकाळी ९:२०

नारळ 😀

कौलारू
११ जानेवारी, सकाळी ९:३३

अरे देवा. जन्मापासून त्या माडांखालून फिरतोय, पण डोक्यातच आलं नाही. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही."

ओळंबा
११ जानेवारी, सकाळी १०:१०

डोळे असतात, पण सोडणाच्या (वरच्या काथ्याच्या सालीच्या) आत. त्याला बाहेरचं काय दिसणार? पन्नास फुटांवरून दीड किलोचा नारळ आला तर कौल, रीप आणि खालचं जे असेल ते, सगळं जाईल. नुसती झावळीही मोठ्या माणसाला आडवी करते. तिसरी जागा शोधा.

जर्सीकर
१२ जानेवारी, पहाटे ४:४८

मस्त धागा! मी न्यू जर्सीत मागच्या उन्हाळ्यात मुलींसाठी असंच बांधलं, म्हणून थोडं.

आमच्याकडे पहिलं काम म्हणजे कागद. २०० चौरस फुटांच्या आत आणि उंची दहा फुटांच्या आत असेल तर बांधकामाचा परवाना लागत नाही, पण आमच्या गावात झोनिंगचा अर्ज भरावाच लागला. शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती फूट, घरापासून किती फूट, सगळं आखून द्यायचं. दुसरं म्हणजे थंडीत जमीन गोठून फुगते, त्यामुळे पाया तीन फूट खोल न्यावा लागतो, नाहीतर एका हिवाळ्यात खांब वर उचलला जातो. तुमच्याकडे ते दुखणं नाही, तुमचं दुखणं पाणी आणि वाळवी.

एक गोष्ट मात्र कुठेही लागू: कठड्याच्या गजांमधलं अंतर. अमेरिकेतल्या खेळाच्या मैदानांच्या सरकारी मार्गदर्शिकेत साडेतीन ते नऊ इंचांमधली फट धोक्याची धरतात. साडेतीनपेक्षा कमी असेल तर मुलाचं अंग जातच नाही. नऊपेक्षा जास्त असेल तर डोकंही बाहेर येतं. मधल्या फटीतून पाय आधी सरकतात, धड जातं आणि डोकं अडकतं. मी चार इंचांवर गज लावले होते, मोजून झाल्यावर सगळे काढून पुन्हा ठोकले. बायकोने त्या दिवशीचा व्हिडिओ जपून ठेवलाय.

कौलारू
१२ जानेवारी, रात्री ९:१५

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरातल्या जुन्या गजांमध्ये मोजलं, पाच इंच. आणि माझं डोकं त्यात एकदा अडकलं होतं असं आई आता सांगते. तेल लावून काढलं म्हणे.

जागा: फणसाच्या पश्चिमेला, त्याच्या घेराच्या बाहेर. (फणसही पडतो, माहीत आहे!) वर फक्त आकाश. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्यावरून घरात वेगळाच वाद सुरू झालाय. लेक म्हणते, "दिसलं तर तो अड्डा कसला?"

ग्रामीण_डॉक्टर
१३ जानेवारी, दुपारी २:२६

जळक्या ऑइलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोठ्यांच्या गोठ्याला, कुंपणाच्या खांबांना सगळेच फासतात. पण इंजिनात जळलेल्या तेलात नको ते सगळं असतं, आणि मुलं त्याच लाकडाला दिवसभर हात लावणार, त्याच हातांनी खाणार. नका लावू.

दुसरं, माळ्याखालची जागा. पावसाळ्यात आमच्याकडे रोज सर्पदंश येतात आणि रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं म्हणजे पायलीला पन्नास. फुरसं पाचोळ्यात, दगडांच्या सांदीत, लाकडाच्या रचलेल्या ढिगाखाली बसतं. तेव्हा खालची जागा सामान ठेवायला वापरू नका. चिऱ्याचे तुकडे, सोडणं, जळण, काही नाही. वाकून बघितलं तर पलीकडची बाजू दिसली पाहिजे. गोठ्यात रचलेले ते नऊ वासे हलवताना हातमोजे घाला आणि काठीने आधी ठोका.

विंचवाचंही तेच. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांना विचारा, कोकणात लाल विंचू चावून मुलं हातात दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली तेव्हापासून चित्र पालटलं. औषध आहे, पण वेळेवर पोचलं पाहिजे. मांत्रिकाकडे जाऊन दोन तास घालवून येणारे आजही आहेत.

माहेर_देवगड
१३ जानेवारी, सायं. ६:००

ऑइलऐवजी काजूच्या टरफलाचं तेल? आमच्याकडे होड्यांना लावायचे. कीड येत नाही.

ग्रामीण_डॉक्टर
१३ जानेवारी, सायं. ६:४१

ताई, कीड येत नाही हे खरं. पण ओल्या तेलाला हात लागला की कातडी सोलवटते. काजू भाजणाऱ्या बायकांचे हात बघितलेत ना? होडीवर ठीक, पोरांच्या अड्ड्याला नको.

ओळंबा
१३ जानेवारी, रात्री ८:१९

जुना साग असेल तर आतल्या काळसर गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचा पांढुरका भाग मात्र खाते. तो वाकसाने तासून काढा. वर जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून, दोन हात. बास.

खरा इलाज पायात आहे. खांब मातीत पुरू नका. खड्डा, मुरूम, त्यावर काँक्रीटचा दगड जमिनीच्या वर सहा इंच, त्यात लोखंडी बूट बसवा आणि बुटात खांब. बुटाच्या तळाशी आणि खांबाच्या मध्ये बोटभर फट, म्हणजे पाणी साचत नाही. खांबाच्या बुडाला डांबर. वाळवीला वर चढायचं तर उघड्यावर मातीची नळी बांधावी लागेल आणि ती तुम्हाला दिसेल. महिन्यातून एकदा बघून खराट्याने पाडायची.

आणि रंधा मारण्याआधी वाशातले जुने मोळे सगळे शोधून काढा. लोहचुंबक फिरवा. एक राहिला तर सुतार रंध्याच्या पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल आणि वर शिव्या देईल त्या वेगळ्या.

बांबूवाला_कुडाळ
१५ जानेवारी, सकाळी ११:३७

भिंतींना फळ्या कशाला? बांबू लावा. तुमच्याकडे माणगा मिळत असेल. काटे नाहीत, सरळ वाढतो, जवळजवळ भरीव. पण आत्ताच तोडा, उशीर करू नका. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंत बांबूत गोडी कमी असते. फाल्गुनानंतर तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, रात्री कुरकुर ऐकू येते आणि सकाळी खाली पिठाची रांगोळी.

जुनी पद्धत म्हणजे वहाळात दगड ठेवून तीन आठवडे बुडवायचे. वास मारतो, पण गोडी निघून जाते. नवी पद्धत म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड: १०० लिटर पाण्यात ३ किलो आणि २ किलो. जाड पोकळ बांबूच्या पेरांना सळईने भोकं पाडून आठवडाभर भिजवतात. माणग्यात सळई घालायला पोकळी नाही, म्हणून मधोमध चिरा आणि मग भिजवा. सावलीत वाळवा. एवढं लक्षात ठेवा की हे मीठ पाण्याने धुऊन जातं. थेट पावसात राहणाऱ्या बांबूला उपयोग नाही. छपराची पागोळी भिंतीपासून दीड फूट तरी लांब पडली पाहिजे.

पुणेरी_खवट
१५ जानेवारी, दुपारी १२:०५

एवढ्या खर्चात चौघांना चार सायकली आल्या असत्या. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

नवव्या_मजल्यावरून
१५ जानेवारी, दुपारी १:३०

खवटराव, सायकली चालवायला आमच्याकडे पार्किंग आहे, अड्डा बांधायला काही नाही. माझ्या मुलाने गेल्या वर्षी बाल्कनीत दोन खुर्च्यांवर चादर टाकून अड्डा केला होता. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की दर्शनी भागावर कपडे वाळत घालू नयेत. कौलारू, तुम्ही बांधाच. आम्ही फोटो बघू.

कौलारू
२२ मार्च, रात्री १०:१२

दोन महिने गायब होतो, मार्चअखेर आणि बँकेची नोकरी, समजून घ्या. प्रगती:

विहिरीला जाळी झाली. ६,२०० रुपये. बजेटमध्ये धरायची की नाही यावर मतभेद.

पायाचे चार खड्डे घ्यायला गेलो तर दोन ठिकाणी नऊ इंचांवर कातळ लागला. गड्याने पहार टाकून दिली. मग कातळातच भोकं पाडून सळया रोवल्या आणि त्यावर काँक्रीट धरलं. उरलेले दोन दीड फूट खोल. जमीन एका बाजूला पाच इंच खाली आहे, हे पाण्याची नळी धरून कळलं. डोळ्याला सपाट दिसत होती.

वासे नऊ होते, सात निघाले. दोन आतून भुसा. सातांतून सुताराने ३४ मोळे काढले, मी चुंबकाने शोधले होते १९. एका वाशाला तासल्यावर आत एक खूण निघाली, पटाशीने कोरलेला बाण आणि त्याखाली तीन रेघा. सुतार म्हणाला, हा वासा तिसरा, तोंड उत्तरेला. आजोबांच्या वेळच्या सुताराने छप्पर जोडताना घातलेली. लेकीने तो वासा दाराच्या वर लावायला सांगितलाय, बाण बाहेरून दिसेल असा.

ओळंबा
२३ मार्च, सकाळी ६:५०

त्या खुणेवर तेल नका लावू जास्त, भरून जाईल. छान काम.

कौलारू
१८ एप्रिल, रात्री ९:४०

आता खरी गंमत. सांगाडा उभा राहिला आणि टोळीने बैठक घेऊन मागण्यांचा कागद माझ्या हातात दिला. जसाच्या तसा उतरवतो:

"दार लहान पाहिजे म्हणजे मोठ्या माणसांना वाकावं लागेल. एक खिडकी समुद्राकडे. (समुद्र दिसत नाही हे आम्हाला माहीत आहे.) आजीला फुकट प्रवेश. बाकीच्यांनी बाहेरून हाक मारायची आणि थांबायचं. रायगडाला चोरदिंडी आहे मग आपल्याला पण पाहिजे. लाईट नको, टॉर्च द्या."

दिवाळीच्या सुट्टीत रायगड दाखवला त्याचं हे फळ. चोरदिंडी म्हणजे खरं तर गडाचा गुप्त दरवाजा, पण यांची म्हणजे जमिनीतून खाली उतरायचं झाकण. बायको साफ नाही म्हणते, बोटं चिरडतील, धाकटा अंधारात भोकातून पडेल. लेक म्हणते, चोरदिंडी नसेल तर अड्डा नको, तुम्हीच बसा त्यात.

मोठ्यांनी किती ऐकायचं? मला माझ्या मनासारखं बांधायचं आहे हेही कबूल करतो. कौलं, कोरीव खांब, छोटी ओटी. पंधरा दिवस रोज रात्री वहीत चित्रं काढतोय.

आजीची_गोधडी
१८ एप्रिल, रात्री १०:२०

दिवाळीचा किल्ला आठवा. आमच्या वाड्यात एका वर्षी एका काकांनी मनावर घेतलं. बुरूज रेखीव, हौदात कारंजं, रंग दिलेला. बक्षीसही मिळालं. आणि आम्ही पोरं चार दिवस लांब उभी, कारण हात लावला की काका ओरडायचे. पाचव्या दिवशी आम्ही मागे हौदापाशी उरलेल्या चिखलाचा दुसरा केला, वेडावाकडा, हळीव पेरलेला. मावळे सगळे तिकडे हलवले.

वही त्यांच्या हातात द्या.

ओळंबा
१८ एप्रिल, रात्री ११:०२

चोरदिंडी होते. झाकण दीड फूट चौरस, बिजागरीच्या बाजूला पाऊण इंच फट सोडा म्हणजे बोट चेपत नाही. पकडायला लोखंडी कडी नको, सुंभाचा दोर. समोरच्या कडेला रबराच्या दोन गोट्या, धाडकन बंद होणार नाही. आणि उघडं झाकण मागे टेकून उभं राहू नये, पूर्ण पालथं पडून जमिनीवर निजलं पाहिजे. कोपऱ्यात घ्या, वाटेत नको. खाली साडेतीन फूटच आहे, धाकट्याला वेताच्या तीन पायऱ्या करून द्या.

आठ फुटांचा माळा असता तर मीही नाही म्हणालो असतो.

जर्सीकर
१९ एप्रिल, पहाटे ५:३०

आमच्या मुलींना दाखवला हा धागा. आता त्यांनाही चोरदिंडी हवी आहे. धन्यवाद 🙏 (हे मनापासून नाही.)

वऱ्हाडी_ठेचा
१९ एप्रिल, सकाळी ९:४४

कैच्या मारल्या का?

कौलारू
१९ एप्रिल, सकाळी ९:५८

मारल्या हो. तीन बाजूंना. चौथी चोरदिंडीच्या वाटेची.

कौलारू
११ मे, सायं. ७:२५

झाला. फोटो डकवतो.

कौलं की पत्रा यावर शेवटी वानरांनी निकाल दिला. गेल्या महिन्यात वानरांच्या टोळीने घराच्या छपरावर उड्या मारून एका सकाळी बावीस कौलं फोडली. तेव्हा पत्रा. उतार फुटाला सहा इंच, जे-हुक आणि खाली डांबरी वायसर. तापू नये म्हणून वर माडाच्या झावळ्यांचे झाप विणून टाकलेत, आईने आणि शेजारच्या काकूंनी दोन दुपारी बसून विणले. पागोळी भिंतीपासून वीस इंचांवर.

भिंती चिरलेल्या माणग्याच्या, फट दोन इंच. लेकीचं समाधान असं झालं की आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही नाही. बायकोचं समाधान असं की आवाज मात्र सगळा ऐकू येतो. ही दुसरी गोष्ट मुलांना अजून कळलेली नाही, कृपया गुप्तता पाळावी.

दार तीन फूट दोन इंच. पहिल्याच दिवशी मी कपाळ आपटून घेतलं, बरोब्बर आजोबांच्या सुताराच्या बाणावर. टेंगूळ उत्तरेकडे तोंड करून आहे.

खर्च: सुतार दहा दिवसांचे ९,५००. गडी ३,०००. पत्रा आणि हुक ५,४००. बूट, बोल्ट, बिजागऱ्या ३,१००. सिमेंट, मुरूम १,८००. बोरॅक्स वगैरे, तेल, किरकोळ १,९००. एकूण २४,७००. विहिरीची जाळी वेगळी. बायकोने ती "सुरक्षा" या खात्यावर टाकली आहे.

नवव्या_मजल्यावरून
११ मे, रात्री ८:०१

शेवटचा फोटो मुलाला दाखवला. दहा मिनिटं फोन परत दिला नाही त्याने.

पुणेरी_खवट
११ मे, रात्री ८:३०

सायकलींचं विधान मागे घेतो.

कौलारू
१३ ऑगस्ट, रात्री ९:०५

पावसाळ्याचा अहवाल द्यायचा राहिला. चांगलं आधी: पत्रा एका ठिकाणी सोडून गळला नाही. तिथे वायसर उलटा बसला होता. खांब कोरडे. वाळवीची नळी एकदा दिसली, पाडली. बांबूला पश्चिमेकडून झड लागते तिथे काळी बुरशी आलीय, पुसली की जाते.

आता वाईट. शिडीखाली मे महिन्यात नदीची वाळू टाकली होती, पडलं तर लागू नये म्हणून. पहिल्या दोन पावसांत ती गडग्याकडे वाहून गेली आणि मी नवीन टाकायची टाळाटाळ केली. शिडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धाकटा घाईत उतरताना सटकला, हनुवटीला तीन टाके. हसत होता तिथेच, पण मला रात्री झोप लागली नाही.

काय करू? वाळू परत वाहून जाणार.

ग्रामीण_डॉक्टर
१३ ऑगस्ट, रात्री ९:४०

तीन टाके म्हणजे कोकणातल्या पोराची हजेरी लागली. पण शिडी बदला.

ओळंबा
१३ ऑगस्ट, रात्री ९:५२

चूक माझीही आहे, विचारायला हवं होतं. गोल दांडीच्या पायऱ्या आहेत ना? चपट्या करा, चार इंच रुंद, आणि प्रत्येकीवर काथ्याचा दोर घट्ट गुंडाळा. काथ्या ओला झाला तरी पाय धरून ठेवतो. वाळूसाठी चारी बाजूंनी चिऱ्याची एक रांग लावा, वीतभर उंच. पाणी फटींतून निघून जाईल, वाळू राहील. भरताना नऊ इंच भरा, खाली दबते.

कौलारू
१७ ऑगस्ट, सायं. ५:१०

केलं. काथ्या वडिलांनी गुंडाळला. दर पायरीला सव्वीस वेढे, मोजून.

कौलारू
९ नोव्हेंबर, दुपारी ४:३५

दिवाळी झाली म्हणून शेवटचा फोटो. यंदाचा किल्ला अड्ड्याच्या खाली आहे. डॉक्टरसाहेब, चार दिवसांपुरताच, आणि वाकून बघितलं की पलीकडची बाजू दिसते. चोरदिंडी थेट बालेकिल्ल्यावर उघडते. दोन मावळे झाकणाखाली पहाऱ्यावर आहेत, पैकी एकाला मुंडकं नाही. मी एक बुरूज सरळ करायला गेलो होतो. हाक मारून थांबायला सांगण्यात आलं.

आणि एक घडामोड. ऑक्टोबरात अधूनमधून पाऊस शिंपडत होता तेव्हा आईची सोललेली सुपारी वाळायला जागा नव्हती. अड्ड्याला वर पत्रा, चहूबाजूंनी वारा. तिने हळूच दोन सुपं अड्ड्यात नेऊन ठेवली. आता सगळी सुपारी तिथेच वाळते. "आजीला फुकट प्रवेश" हे कलम सुपारीला लागू होत नाही असा ठराव झाला असून भाडं आकारण्यात येत आहे.

माहेर_देवगड
९ नोव्हेंबर, सायं. ५:००

भाडं किती?

कौलारू
९ नोव्हेंबर, सायं. ५:०४

दर शनिवारी चार कडबोळी. आईचं दोन आठवड्यांचं भाडं थकलं आहे.